परग्रहावरील जीव आणि आपले आरोग्य : भीती नको, खबरदारी हवी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले भाषण)



मी शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवतो. तेव्हा परग्रहावरच्या जीवांबद्दल बोलायला हा माणूस कशाला उभा राहिला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. त्याचे कारण सरळ आहे. गेली दोन-तीन वर्षे नववी-दहावीची मुले सौरमालेचा धडा संपला की एकच प्रश्न विचारतात : "सर, दुसऱ्या ग्रहावरचे जीव इथे आले तर आपले काय होईल?" मुलांच्या डोळ्यांसमोर मोबाईलवरच्या चित्रफितीतले मोठ्या डोळ्यांचे, हिरव्या अंगाचे प्राणी असतात. पालकांना या प्रश्नाचे हसू येते. मला मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी त्यावर विचार केला आहे, सरकारांनी करार केले आहेत, आणि या विषयातला एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या शेजारी हैदराबादेत व पुण्यात झालेला आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. पृथ्वीच्या बाहेर कोठेही जीव असल्याचा पक्का पुरावा आजपर्यंत मिळालेला नाही. उद्या मिळालाच, तर तो बहुधा यानातून उतरणारा प्राणी नसेल. तो डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्मजीव असेल. आपल्या पृथ्वीचेच पाहा. येथे जीवसृष्टी सुरू झाल्यापासूनच्या बहुतेक काळात फक्त सूक्ष्मजीवच होते. झाडे, जनावरे आणि माणूस फार उशिरा आले. म्हणून या विषयाचा विचार करताना बंदुका आणि तबकड्या बाजूला ठेवाव्यात, आणि आपल्या गोठ्यातला, शेतातला व दवाखान्यातला अनुभव आठवावा. तोच जास्त उपयोगी पडतो.

आता हैदराबादच्या प्रयोगाकडे वळतो. आपला जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, म्हणून ते शहर आपल्याला परके नाही. तेथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्रचंड फुगे आकाशात सोडण्याचे केंद्र आहे. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले, केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली संशोधन केलेले आणि पुढे पुण्यात 'आयुका' ही संस्था उभी करणारे डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने येथून असे फुगे सोडण्यात आले. पहिला प्रयोग २००१ च्या जानेवारीत झाला आणि दुसरा २० एप्रिल २००५ रोजी. प्रवासी विमान साधारण १० ते ११ किलोमीटर उंचीवरून जाते. हा फुगा ४१ किलोमीटरपर्यंत गेला. तेथे हवा अतिशय विरळ असते, थंडी कडाक्याची असते, आणि सूर्याचे अतिनील किरण जिवंत पेशीला जाळून टाकतील इतके तीव्र असतात. खालची धूळ-माती इतक्या उंच सहसा पोचत नाही. मग तेथे एखादा सूक्ष्मजीव सापडला, तर तो खालून गेला की वरून आला, हा त्या प्रयोगाचा प्रश्न होता.

प्रयोगाची पद्धत विद्यार्थ्यांनी नीट ऐकावी, कारण खरे शिक्षण त्यात आहे. फुग्याखाली ४५९ किलो वजनाचे साहित्य होते. त्यात पोलादाच्या १६ नळ्या होत्या. त्या आधी निर्जंतुक करून आतली हवा पूर्ण काढून घेतलेली होती. या नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या होत्या. निऑन इतके थंड असते की नळीचे तोंड उघडताच बाहेरची हवा आत जाऊन गोठते, आणि तिच्या जागी आणखी हवा खेचली जाते. २० ते ४१ किलोमीटर या वेगवेगळ्या उंचीवर हवा गोळा केल्यावर नळ्या पुन्हा बंद झाल्या आणि हवाई छत्रीने खाली उतरल्या. त्यानंतर नमुने दोन ठिकाणी तपासले गेले : हैदराबादेतील पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात आणि पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात. दोन्ही ठिकाणच्या तपासण्या स्वतंत्र होत्या. एकाची चूक दुसऱ्याने पकडावी, हा त्यामागचा हेतू.

निकाल १६ मार्च २००९ रोजी इस्रोने जाहीर केला. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या होत्या. त्यांपैकी बहुतेक जिवाणू पृथ्वीवर आधीच माहीत असलेल्या जातींचे निघाले. तीन जाती मात्र नव्या होत्या. त्यांना नावे दिली गेली ती अशी : फ्रेड हॉईल यांच्या स्मरणार्थ 'जानिबॅक्टर हॉयली', इस्रोच्या नावाने 'बॅसिलस इस्रोनेन्सिस' आणि प्राचीन गणिती आर्यभट यांच्या नावाने तिसरा 'बॅसिलस'. हे तिन्ही जिवाणू आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा अतिनील किरणांना जास्त टिकाव धरणारे होते. वर्तमानपत्रांना मोठा मथळा करण्याजोगी ही बातमी होती. परंतु त्या निवेदनात शास्त्रज्ञांनी स्वच्छ सांगितले की, हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असे या प्रयोगाने निश्चितपणे सिद्ध होत नाही.

पुढे काय झाले ते आपल्या शेतकरी पालकांनी मुद्दाम ऐकावे. आर्यभटांच्या नावाचा तो जिवाणू नंतर ठिकठिकाणच्या मातीत सापडू लागला. मध्य भारतातल्या काळ्या जमिनीत, सोयाबीनच्या मुळांजवळच्या मातीतही त्याचे प्रकार मिळाले. मातीतले जस्त विरघळवून ते पिकाला मिळवून देण्याचे काम तो करतो, असे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्याला काहींनी आकाशातला पाहुणा मानले, तो आपल्या बांधावरचाच रहिवासी असावा आणि वाऱ्या-वादळाबरोबर वर गेला असावा, याकडेच पारडे झुकते. यात प्रयोग फसला असे कोणी समजू नये. जीव किती उंचीपर्यंत तग धरतो हे त्यातून कळले, आणि दावा कितपत करावा याचा धडाही मिळाला. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. मराठीत सोप्या भाषेत विज्ञान सांगणारा असा माणूस आपल्या मुलांना माहीत असलाच पाहिजे.

मात्र आदर ठेवणे आणि प्रत्येक मत मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रेड हॉईल आणि त्यांचे श्रीलंकेत जन्मलेले सहकारी चंद्रा विक्रमसिंघे यांचे म्हणणे असे होते की, धूमकेतूंच्या धुळीतून जिवाणू-विषाणू पृथ्वीवर येतात आणि त्यांतून साथी पसरतात. १९७९ साली त्यांनी यावर पुस्तकही लिहिले. २००३ साली सार्सची साथ आली, तेव्हा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात विक्रमसिंघे यांचे एक पत्र छापून आले. सार्सचा विषाणू अवकाशातून आला असण्याची शक्यता त्यात मांडली होती आणि पत्राखाली नारळीकरांचेही नाव होते. इतर शास्त्रज्ञांनी हे मत तपासले आणि स्वीकारले नाही. सार्सचा विषाणू पृथ्वीवरच्याच करोना कुळातला होता, आणि त्याचे मूळ पुढे वटवाघळांपर्यंत लागले. शास्त्रात नावाच्या मोठेपणाला मान असतो, परंतु शेवटचा शब्द पुराव्याचा असतो.

हे मत का टिकले नाही, हे समजून घेण्यासाठी आपल्या शेळ्यांकडे या. उस्मानाबादी शेळी देशभर प्रसिद्ध आहे. तिला पीपीआर नावाचा भयंकर रोग होतो आणि त्यात कळपच्या कळप बसतात. पण शेळ्या सांभाळणाऱ्या माणसाला तो रोग होत नाही. लम्पी हा रोग आफ्रिकेत झांबियामध्ये १९२९ साली प्रथम नोंदला गेला, २०१९ मध्ये भारतात आला आणि २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या गोठ्यांत त्याने हाहाकार केला. पण धार काढणाऱ्याला लम्पी झाली नाही. कारण विषाणू हा किल्लीसारखा असतो. ज्या पेशीच्या कुलपाला ती किल्ली बसते, त्याच पेशीत तो शिरतो आणि तिथलीच यंत्रणा वापरून वाढतो. शेळी, गाय आणि माणूस ही तिन्ही दूध पाजणारी, एकाच मोठ्या कुटुंबातली. तरीही एकाची किल्ली दुसऱ्याला लागेलच असे नाही. मग ज्याने आपल्यासारखी पेशी कधी पाहिलीच नाही, अशा मंगळावरच्या विषाणूची किल्ली आपल्याला लागणे जवळजवळ अशक्य आहे. ही समाधानाची बाजू झाली.

परंतु समाधान मानून गप्प बसावे, असेही नाही. इजा करण्यासाठी प्रत्येक जीवाला किल्ली लागतेच असे नाही. धनुर्वाताचा जिवाणू मातीत राहतो. त्याला माणसाची गरज नसते. पण गंजका खिळा पायात घुसला की त्याचे विष माणसाला मारू शकते. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने, महाराष्ट्रात किती जणांचे डोळे आणि जबडे नेले, हे आपण विसरलेलो नाही. ती बुरशीही कुजक्या पाल्यापाचोळ्यात आणि मातीत राहणारी आहे. साखरेचा आजार आणि स्टेरॉईड यांनी शरीराचा पहारा ढिला पडला आणि ती आत घुसली. म्हणजे ज्या जीवाचे माणसाशी कसलेही जुने वैर नाही, तोही संधी मिळाली की घात करतो. परग्रहावरच्या जिवाणूबद्दल खरी शंका आहे ती ही.

आणखी एक शंका अगदी अलीकडची आहे. आपल्या शरीरातली प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात, ती सगळी एकाच बाजूच्या वळणाची असतात. त्यांना डावी म्हणतात. पृथ्वीवरचे सारे जीव प्रथिनांसाठी हेच डावे वळण वापरतात. दुसरीकडच्या जीवसृष्टीत ते उजवेही असू शकेल. उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात नीट बसत नाही, त्याप्रमाणे आपली रोगप्रतिकारशक्ती अशा उलट्या वळणाच्या जीवाला कदाचित ओळखणारच नाही. हा नुसता कल्पनेचा खेळ राहिलेला नाही. प्रयोगशाळेत असे 'आरशातले' जिवाणू घडवण्याच्या दिशेने काही पावले पडली आहेत. म्हणूनच डिसेंबर २०२४ मध्ये जगभरातल्या ३८ शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात इशारा दिला की, ते धोकादायक नाहीत असा भक्कम पुरावा मिळेपर्यंत असे जिवाणू बनवू नयेत. माणसाने स्वतःच्या हाताने घडवलेला परग्रहवासीच म्हणा ना! विशेष म्हणजे इशारा देणाऱ्यांत या कामात पूर्वी रस घेतलेले संशोधकही होते.

तिसरा धोका माणसाच्या शरीराला नाही, तो शेतीला आणि निसर्गाला आहे. आणि मला तो सर्वांत खरा वाटतो. याचा दाखला आपल्या प्रत्येक बांधावर उभा आहे. गाजरगवत हे मूळचे अमेरिका खंडातले. १९५० च्या दशकात ते पुण्यात प्रथम नोंदले गेले. परदेशातून आलेल्या गव्हाच्या पोत्यांतून त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तेथे त्याला खाणारे किडे होते, त्याला दाबून ठेवणारे रोग होते. येथे त्याचा शत्रूच नव्हता. त्याने गायरान व्यापले, रस्त्यांच्या कडा व्यापल्या, माणसांना दमा आणि खाज दिली. पुढे १९८० च्या दशकात त्यावर उपाय म्हणून मेक्सिकोतून एक भुंगा आणला गेला, पण तो आधी बंगळुरात बंदिस्त जागेत ठेवून, इतर पिकांवर जातो का हे तपासूनच सोडला गेला. बी नकळत आले आणि भुंगा तपासून आला, या दोन येण्यांतला फरक विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी आपल्याकडे पोचली. एका खंडातून दुसऱ्या खंडात आलेला जीव इतका उपद्रव करू शकतो, तर एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर येणाऱ्या जीवाबद्दल दारातच चौकशी केलेली बरी.

अशी चौकशी माणसाने एकदा केली आहे. जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले आणि मायकेल कॉलिन्ससह परत आले. सारे जग त्यांना हार घालायला उत्सुक होते. परंतु त्यांना उचलले ते अंगभर झाकणाऱ्या खास पोशाखात, ठेवले ते बंद गाडीत, आणि नंतर ह्यूस्टनच्या खास इमारतीत. चंद्राशी संपर्क आल्यापासून २१ दिवस त्यांना वेगळे राहावे लागले. त्यांनी आणलेली चंद्राची माती उंदरांना टोचली गेली. मासे, कोळंबी, झुरळे आणि झाडे यांच्यावर तिचे परिणाम पाहिले गेले. कोणालाही काही झाले नाही. चंद्रावर जीव नाही याची खात्री पटल्यावर १९७१ मधील अपोलो १५ पासून हा नियम काढून टाकण्यात आला.

परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्या बंदोबस्तातली भोके जास्त बोलकी वाटतात. यान समुद्रात पडल्यावर अंतराळवीरांना बाहेर काढण्यासाठी त्याचे दार तेथेच उघडले गेले; आतली हवा आणि चंद्राची धूळ तेथेच मोकळी झाली. प्रयोगशाळेतले हातमोजे फाटले आणि काम करणाऱ्यांनाच आत बंद राहावे लागले. त्या धुळीत खरोखर काही असते, तर ते बाहेर पडलेच असते. अर्थात चंद्र निर्जीव होता म्हणून निभावले. योगायोगाने वाचलो याला बंदोबस्त म्हणत नाहीत. दारावर कुलूप लावायचे आणि खिडकी उघडी ठेवायची, असा तो प्रकार झाला.

धोका उलट दिशेनेही आहे, हे आपण विसरतो. आपण जेथे जाऊ तेथे आपले जिवाणू बरोबर नेतो. जपानच्या यानाने र्‍युगू नावाच्या लघुग्रहावरून आणलेली माती डिसेंबर २०२० मध्ये पृथ्वीवर आली. तिचा एक कण लंडनमध्ये अभ्यासला गेला, तेव्हा त्यावर सूक्ष्मजीवांचे धागे दिसले. अवकाशात जीव सापडला असा डांगोरा पिटता आला असता. पण संशोधकांनी ते धागे कसे वाढतात आणि कमी होतात हे पाहिले, आणि ते पृथ्वीवरच्याच जिवाणूंचे आहेत, हाताळताना शिरले आहेत, असा निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर केला. इतकी काळजी घेऊनही आपला जिवाणू पाहुण्याच्या अंगावर जाऊन बसला.

याच संदर्भात एक नाव सांगताना मला अभिमान वाटतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात हवा गाळणारी एक जाळी ४० महिने बसवलेली होती. ती पृथ्वीवर आणून तपासली, तेव्हा एक नवा जिवाणू मिळाला. नासाच्या प्रयोगशाळेतल्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये त्याला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव दिले : 'सोलीबॅसिलस कलामी'. हा काही परग्रहावरचा जीव नव्हे; माणसांबरोबर किंवा सामानाबरोबर वर गेलेला पृथ्वीचाच जीव आहे. पण रामेश्वरमच्या एका नावाड्याच्या मुलाचे नाव एका जीवाला मिळावे आणि ते अवकाशाच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्यांनी द्यावे, यात आपल्या मुलांना घेण्यासारखे पुष्कळ आहे.

आपल्या जिवाणूंनी दुसरे जग बिघडू नये म्हणून कायदाही आहे. १९६७ च्या अवकाश कराराचे नववे कलम सांगते की, दुसऱ्या ग्रहांना हानिकारकपणे दूषित करू नये, आणि तिकडून आणलेल्या पदार्थांनी पृथ्वीच्या पर्यावरणात वाईट बदल होऊ देऊ नये. भारतही या करारात आहे. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेली व्हायकिंग याने पाठवण्यापूर्वी ११० अंशांहून अधिक उष्णतेत दिवसभरापेक्षा जास्त काळ भाजून काढली होती. गुरूच्या आणि शनीच्या काही चंद्रांवर बर्फाखाली पाणी आहे. तेथे चुकून पृथ्वीचे जिवाणू पडू नयेत म्हणून गॅलिलिओ हे यान २००३ मध्ये मुद्दाम गुरूत आणि कॅसिनी २०१७ मध्ये शनीत पाडून नष्ट केले गेले. न पाहिलेल्या, कदाचित नसलेल्याही जीवाचा एवढा विचार माणसाने केला, ही मला आपल्या युगातली मोठी सुसंस्कृत गोष्ट वाटते.

पुढच्या काळात हा प्रश्न अधिक जवळ येणार आहे. आपल्या सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये चांद्रयान-४ ला मंजुरी दिली; ते चंद्राची माती आणणार आहे. चंद्र निर्जीव असल्यामुळे तिची भीती नाही. मंगळाची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेच्या यानाने २०२१ पासून तेथे नमुने नळ्यांत भरून ठेवले आहेत. ते आणण्याची योजना खर्चापायी रखडली असली, तरी चीननेही असे नमुने आणण्याची तयारी चालवली आहे. असे नमुने ठेवायला दुहेरी बंदोबस्ताची जागा लागते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत सर्वांत कडक, चौथ्या पातळीची प्रयोगशाळा आहे. अशा प्रयोगशाळेत हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी ठेवतात, म्हणजे फट पडली तरी हवा आत येते, बाहेर जात नाही. उलट यान जेथे जोडतात त्या स्वच्छ खोलीत दाब जास्त ठेवतात, म्हणजे बाहेरची धूळ आत येत नाही. मंगळाच्या मातीसाठी ही दोन्ही कामे एकाच वेळी साधावी लागतात : आतले बाहेर जाऊ नये आणि बाहेरचे आत येऊ नये. बोलायला सोपे, करायला फार कठीण.

आता मला पालकांशी दोन शब्द बोलायचे आहेत. खबरदारी घेणे म्हणजे परमेश्वरावरचा भरवसा कमी होणे, असे अजूनही काहींना वाटते. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात, हिजरी सन १८ मध्ये, शाम देशात प्लेगची साथ होती. ते सरहद्दीवर सर्घ येथे पोचले होते. साथीची बातमी कळताच त्यांनी सल्लामसलत केली आणि परत फिरण्याचे ठरवले. हे तकदीरपासून पळणे नाही का, असे त्यांना विचारले गेले. आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. साथीच्या गावात जाऊ नये आणि तेथून बाहेरही पडू नये, ही हदीस त्याच वेळी त्यांना ऐकवली गेली. अपोलोच्या २१ दिवसांमागे जो विचार होता, तो आपल्याला परका नाही.

दुसरी बाजूही इतिहास सांगतो. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा वेगळे ठेवण्याचा उपाय मुळात चुकीचा नव्हता. परंतु रँडच्या अंमलात सोल्जर घरात घुसले, बायामाणसांची आणि देवघरांची पत्रास राहिली नाही. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री चापेकरांच्या गोळीत झाला. त्याच वर्षी मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग लोकांपुढे ठेवली. एकाने जबरदस्ती केली, दुसऱ्याने विश्वास मिळवला. उद्या मंगळाची माती येवो की नवी साथ येवो, लोकांचा विश्वास नसेल तर कोणताही बंदोबस्त टिकणार नाही. आणि ज्या समाजात विज्ञान शिकलेली माणसे कमी, त्या समाजात अफवा आधी पोचते आणि डॉक्टर नंतर. २०२० च्या टाळेबंदीत आपण सर्वांनी हे सोसले आहे. आपल्याच मोहल्ल्यातली शिकलेली मुलगी लसीबद्दल बोलली, तर तिचे दहा घरे ऐकतात. सरकारी भोंगा एकही घर ऐकत नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. दहावीनंतर मुलीने सायन्सला जायचे म्हटले, तर खर्चाचा हिशेब करा, अंतराचा विचार करा, पण "हे घेऊन काय करायचे?" असे म्हणू नका. सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेला विद्यार्थी दूधसंघात, रक्तपेढीत, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आणि खतांच्या कारखान्यात उपयोगी पडतो; आणि त्यातलाच एखादा उद्या दुसऱ्या ग्रहावरची माती तपासणाऱ्या खोलीत उभा राहू शकतो.

विद्यार्थ्यांना तीन गोष्टी सांगतो. पहिली : अद्भुत बातमी आली की ती पुढे पाठवण्याआधी विचारा, हे कोणी पाहिले, कशाने मोजले, आणि दुसऱ्या कोणी तपासले का? दुसरी : प्रयोगशाळेत हात धुणे, काचेचे भांडे झाकणे, वहीत तारीख लिहिणे या क्षुल्लक गोष्टी नाहीत, र्‍युगूच्या कणावरचे जिवाणू ओळखता आले ते अशाच नोंदींमुळे. तिसरी : 'माहीत नाही' असे म्हणायला लाजू नका. इस्रोच्या त्या निवेदनातले सर्वांत मोलाचे वाक्य हेच होते की, हे सिद्ध झालेले नाही.

अनोळखी पाहुणा दारात आला तर आपण त्याला हाकलून देत नाही आणि थेट आतल्या खोलीतही नेत नाही. ओसरीवर बसवतो, पाणी देतो, कोण-कुठला विचारतो. परग्रहावरच्या जीवाशी वागायची रीत याहून वेगळी नाही. भीतीने दार लावून घेणारा समाज मागे राहतो आणि बेफिकिरीने दार उघडे टाकणारा समाज पस्तावतो. आपल्या मुलांनी मधला, शहाणपणाचा मार्ग शिकावा, आणि तो शिकवण्याचे काम या संस्थेच्या हातून पुढेही घडत राहो, अशी प्रार्थना करतो.